घराला किती म्हणावे? नाशिकच्या लेण्यातला एक हिशेब

कराडलगतच्या मलकापुरात घर पाहावयास गेलेल्या माणसाला मालक एक आकडा सांगतो आणि विचारतो, "तुमचं किती?" बहुतेक जण त्या आकड्यातून लाख-दोन लाख वजा करून उत्तर देतात. म्हणजे हिशेब मालकाचा, वजाबाकी तेवढी आपली; पुढे वीस वर्षे हप्ते मात्र आपणच भरावयाचे. स्वतःचा आकडा कसा काढावा, याचा एक धागा आपल्याकडे दगडात कोरलेला आहे. हा थ्रेड त्याविषयी.

मलकापूरच्या माथ्यावरील आगाशिवाची लेणी अनेकांनी पाहिली असतील. नाशिकची पांडवलेणी त्याच परंपरेतली. तेथील दहावे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने खोदविले. त्यातील एका लेखात तो सांगतो की, वाराहीपुत्र अश्विभूती या ब्राह्मणाकडून त्याचे वडिलोपार्जित शेत आपण ४,००० कार्षापणांस विकत घेतले आणि लेण्यातील भिक्षूंच्या अन्नासाठी दान दिले.

४,०००च का? लेख कारण देत नाही. परंतु त्याच लेण्यातील ४२व्या वर्षाच्या लेखात व्याजाचे दर आहेत. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले, दुसऱ्या श्रेणीकडे १,००० शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४०. वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. हिशेब काट्यावर जुळतो!

आता तोच दर शेताला लावून पाहू. ४,००० कार्षापण श्रेणीकडे ठेवले असते, तर वर्षाला ४८० किंवा ३६० मिळाले असते. शेताचे निव्वळ उत्पन्न ३६० धरले, तर पाऊण टक्क्याने त्याची किंमत ४,००० येते आणि एक टक्क्याने ३,०००. शेत तेच, पीक तेच. व्याजदर बदलला की किंमत बदलते. उषवदाताने असाच विचार केला, असा माझा दावा नाही. पण तुलनेची दोन्ही टोके एकाच लेण्यात सापडणे दुर्मीळच.

घरासाठी पिकाच्या जागी भाडे धरावे. अर्थात भाडे खरे हवे. मुंबईत १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० हा पाया धरला आणि पुढे भाडे व किंमत यांचा संबंधच तुटला. ती फट पागडीने भरून काढली. १९९९च्या कायद्याने तिला मान्यता मिळेपर्यंत हा व्यवहार बेकायदाच होता.

मलकापूरसाठी कल्पित आकडे घेऊ. भाडे महिना ९,०००. घरपट्टी, देखभाल आणि एखादा रिकामा महिना वगळून वर्षाला ९०,००० उरले. साडेसात टक्क्यांनी किंमत १२ लाख, सहा टक्क्यांनी १५ लाख. मालक म्हणतो ३०. मग वरचे १५ लाख कशाचे? तो सांगेल: मीटरने चोवीस तास पाणी, कृष्णा रुग्णालय जवळ, महामार्ग हाकेवर. पण भाडेकरूही याच गोष्टींसाठी भाडे देतो. त्या १५ लाखांत त्यांची किंमत आलेली आहे. ती दुसऱ्यांदा देऊ नये. उरतात दोनच गोष्टी: उद्या भाव वाढेल ही आशा, आणि या घरातून आपल्याला कोणी उठवणार नाही हे समाधान. समाधानाचे मोल ज्याचे त्याने ठरवावे, मात्र बोलणीला बसण्यापूर्वी. आशेसाठी कर्ज काढणे मला धाडसाचे वाटते.

'रेडी रेकनर'चा दर म्हणजे बाजारभाव नव्हे. दस्तात किंमत कमी दाखवून मुद्रांक शुल्क बुडवले जाई, म्हणून १९९५च्या नियमांनी हे वार्षिक दर तक्ते आणले. करारातील किंमत आणि तक्त्यातील मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर शुल्क. त्यांचे काम एवढेच. तो दर दाखवून भाव पाडता येत नाही, मालकालाही चढवता येत नाही.

त्याहून उपयोगी वस्तू आहे 'सूची क्रमांक २'. उषवदाताने आपले दान निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवले होते. १९०८च्या नोंदणी कायद्याने आपल्यालाही ही सूची पाहण्याचा हक्क दिला आहे. त्याच इमारतीतील मागील दोन-तीन वर्षांचे व्यवहार काढावेत, प्रत्येकाचे क्षेत्रफळ तपासावे. भाड्यावरून आलेला आकडा खाली, झालेल्या व्यवहारांचा वर. पहिली बोली या दोहोंच्या मध्ये, खालच्या अंगाला.