यंत्राचे नाक आणि कर्करोगाचा गंध

रोग्याच्या गंधावरून रोग ओळखण्याची रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रोगपरीक्षेची सहा साधने सांगितली आहेत, ती म्हणजे पाच ज्ञानेंद्रिये आणि रोग्याला विचारायचे प्रश्न. त्यांपैकी घ्राणेंद्रियाकडे व्रणाचा आणि अरिष्टलक्षणांचा, म्हणजे मृत्यू जवळ आल्याच्या खुणांचा, गंध पारखण्याचे काम सोपवलेले आहे. मात्र ही पारख वैद्याच्या नाकापुरतीच राहत असे. ती मोजून नोंदवणे किंवा दुसऱ्याने पडताळून पाहणे शक्य नव्हते.

1971 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा उच्छ्वास अतिशीत नळीत गोठवला आणि मिश्रणातील घटक सुटे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीच्या तंत्राने त्यात सुमारे 250 पदार्थ असल्याचे दाखवले. कर्करोगाच्या पेशींचा चयापचय बदललेला असल्यामुळे शरीरात तयार होणाऱ्या बाष्पनशील संयुगांचे, म्हणजे सहज वाफ होऊन उडून जाणाऱ्या पदार्थांचे, प्रमाणही बदलते. हे पदार्थ रक्तावाटे फुप्फुसांत येऊन श्वासात, तर मूत्रपिंडांवाटे मूत्रात उतरतात. शरीराला सुई न लावता निदान करण्याची आशा येथून निर्माण झाली, पण गॅस क्रोमॅटोग्राफीचे उपकरण मोठे, महाग आणि तज्ज्ञावाचून न चालणारे होते.

स्वस्त उपकरणाचा धागा वैद्यकाच्या बाहेर सापडतो. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखण्यासाठी जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी 1962 मध्ये टिन ऑक्साइडच्या संवेदकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. तापवलेल्या टिन ऑक्साइडच्या कणांवर हवेतील ऑक्सिजन चिकटून इलेक्ट्रॉन अडवून धरतो, त्यामुळे विद्युतरोध वाढतो. ज्वलनशील वायू आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध घटतो. दोष एवढाच की अल्कोहोलच्या वाफेनेही हा संवेदक तसाच चेततो आणि गॅस गळत नसतानाही घंटा वाजू शकते.

या दोषाचाच उपयोग 1982 मध्ये ब्रिटनमधील वॉरविक विद्यापीठात कृष्ण पर्सॉड आणि जॉर्ज डॉड यांनी केला. एका गंधासाठी एकच अचूक संवेदक शोधण्याऐवजी त्यांनी तीन अर्धवट निवडक संवेदक एकत्र वापरले आणि त्यांच्या प्रतिसादांचे परस्परप्रमाण हीच गंधाची ओळख मानली. सस्तन प्राण्यांचे नाकही अनेक ग्राहकांच्या, म्हणजे गंधाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांच्या, एकत्रित प्रतिसादातून गंध ओळखत असावे, हे त्यांचे गृहीतक होते. ज्या ग्राहकांवर ते उभे होते, त्यांच्या जनुकांचा मोठा समूह लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांना 1991 मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, सापडला.

दरम्यान कुत्र्यांनीही या विषयाला बळ दिले. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या एका पत्रात, मालकिणीच्या पायावरील एकाच तिळाला सतत हुंगणाऱ्या कुत्रीची हकिकत होती. तो तीळ मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग, निघाला. 2004 च्या एका ब्रिटिश प्रयोगात सहा कुत्र्यांनी मूत्राच्या वासावरून मूत्राशयाचा कर्करोग 54 पैकी 22 वेळा ओळखला. निव्वळ अंदाजाने हे प्रमाण 14 टक्के आले असते, प्रत्यक्षात ते 41 टक्के होते. त्याहून बोलका प्रसंग प्रशिक्षणाच्या काळातला आहे: निरोगी म्हणून निवडलेल्या एका व्यक्तीच्या नमुन्याकडे कुत्री पुन्हा पुन्हा वळत राहिली, तेव्हा अधिक तपासणीत तिच्या मूत्रपिंडात कर्करोग आढळला.

2003 मध्ये रोममध्ये कोराडो दि नाताले यांच्या गटाने क्वार्ट्झच्या आठ संवेदकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा श्वास तपासला. या संवेदकांवर मेटॅलोपॉर्फिरीन या धातुयुक्त रेणूंचा लेप होता. त्यावर वायूचे रेणू बसले की वजन किंचित वाढते आणि स्फटिकाच्या कंपनाची वारंवारिता घटते. रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांचे आकृतिबंध स्पष्ट वेगळे आले. तरी हे रुग्ण शस्त्रक्रियेची वाट पाहणारे, म्हणजे आधीच निदान झालेले होते, हे विसरून चालत नाही. ज्याचा रोग कोणालाच ठाऊक नाही, अशा माणसात तो हेरणे ही वेगळी आणि बरीच कठीण परीक्षा आहे. धूम्रपान, आहार आणि रुग्णालयातील हवा यांची बाष्पेही श्वासात मिसळतात. शिवाय संवेदकांचा प्रतिसाद काळाबरोबर सरकत जातो, आणि जुना संवेदक बदलला की जुन्या आकृतिबंधांशी नव्याचे माप जुळेनासे होते, म्हणून एका यंत्राला शिकवलेला गंध दुसऱ्या यंत्रावर जसाच्या तसा लागू करता येत नाही.