पन्हळीचं पाणी आणि सोलापूरची चाकं

सोलापुरात वर्षाला साधारण 550 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. या गावाने पाण्यासाठी जे जे केलं, ते याच हिशोबातून केलं. अक्कलकोट रस्त्यावर आमचं गाड्यांचं वॉशिंग सेंटर आहे, वडिलांपासूनचं. ज्याचं पोट पाण्यावर, त्याला गावाच्या पाण्याचा इतिहास माहीत असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

बाराव्या शतकात, हे गाव सोन्नलगी असताना, सिद्धरामेश्वरांनी इथे तळं खोदवलं. संत अल्लमप्रभू त्यांना कर्नाटकातल्या कल्याणला न्यायला आले तेव्हा ते खोदकामातच गुंतलेले होते, असं परंपरा सांगते. एवढा मोठा शिवयोगी, वचनकार. आणि पावसाचं पाणी अडवणं ही त्याला शिवाची सेवा वाटली! संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा मी हात जोडतो ते त्या तळ्यालाही. पुढे भुईकोट किल्लाही याच तळ्याला लागून उभा राहिला.

मग एकरुख. गावात सगळे त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. आदिला नदीवर दोन किलोमीटरहून लांब, सुमारे 21 मीटर उंच मातीचा बांध घालून इंग्रजांनी तो 1871मध्ये पुरा केला. सहा वर्षांनी, 1877मध्ये, ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापडगिरणी सुरू झाली आणि कामगारांनी गाव भरू लागलं. तळं काय, तलाव काय, दोन्हींत पाणी होतं ते आपल्याच माळावर पडलेल्या पावसाचं.

घराघरांतही तेच चाले. आमच्या आजोळी धाब्याचं घर होतं. पाऊस लागला की आजी पहिलं गढूळ पाणी वाहू द्यायची आणि मग पन्हळीखाली घंगाळ, हंडे मांडायची. विहिरीच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. पावसाच्या पाण्यात दोन्ही झटक्यात होई. प्यायचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं, हे घरातल्या पोरांनाही कळायचं. जनावरं आणि गाड्या धुण्यासाठी तर घरचं पाणी कुणी काढतच नसे. बेंदराला बैल ओढ्यावर जात, बैलगाडीची चाकंही तिथेच पाण्यात उभी राहून फुगत, म्हणजे लोखंडी धाव पक्की बसे.

ट्रक आले तेव्हा सुरुवातीला तेही ओढ्यात उतरले. हे चुकीचंच होतं. चासीवरचं ग्रीस, डिझेल सरळ पाण्यात जायचं आणि खाली तेच पाणी जनावरं प्यायची. रॅम्प बांधून धुणं सुरू झालं ते बरंच झालं. पण त्यानंतर नळाचं नाहीतर बोअरचं पाणी चाकांवर पडू लागलं.

उजनी धरण 1980मध्ये पूर्ण झालं आणि आपल्या पावसाकडे बघण्याची गावाची सवय मोडली. आज सोलापूरचं पाणी सुमारे 110 किलोमीटर जलवाहिनीतून पंपाने येतं. शिवाय उजनीतून सोडलेलं पाणी भीमेच्या पात्रातून औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत भरतं, ते टाकळीला उचलावं लागतं. इतकं करूनही कित्येक भागांत नळ चार-चार दिवसांनी येतो. 2024च्या उन्हाळ्यात तर उजनी मृतसाठ्यात खोल गेली होती. असं पाणी टायरवर ओतायला हात धजावू नये.

म्हणून शेडच्या पत्र्याला आम्ही पन्हळ लावली. हिशोब सोपा आहे. हजार चौरस फूट पत्र्यावर 550 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 51,000 लिटर. पहिल्या सरीचं सोडून द्यायचं आणि सांडणारं, उडून जाणारं वजा केलं, तरी 40,000 हाती लागतं. प्रेशर पंप जपून चालवला तर एका कारला शंभर लिटर पुरतात. म्हणजे चारशे गाड्या. सगळं साठवायला एवढी मोठी टाकी परवडत नाही, पण ती एकदाच भरायची नसते. आज भरली, आठवड्यात रिकामी झाली, पुढच्या पावसाने पुन्हा भरली. काळ्या मातीचा चिकट चिखल चाकांना लागतो तोही त्याच दिवसांत, त्यामुळे गिऱ्हाईक आणि पाणी बरोबरच येतात. धुतलेलं पाणी तीन कप्प्यांच्या हौदात जातं: पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात वर तरंगणारं तेल अडतं आणि तिसऱ्यातलं पाणी पुन्हा चाकांच्या पहिल्या धुण्याला घेतो.

आणखी एक फायदा आहे, तो आजीला डाळीवरून कळला होता. बोअरचं पाणी वाळलं की काळ्या गाडीवर पांढरे डाग उठतात, ते क्षारांचे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून काच नि रंग स्वच्छ राहतात, शाम्पूही कमी लागतो.

सप्टेंबरचा पाऊस टाकी भरून जातो आणि पाठोपाठ नवरात्र येतं. खंडेनवमी-दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून रिक्षा, टेम्पो, कार यांची रस्त्यापर्यंत रांग लागते. त्या दिवसांत टाकीला तोटा नसतो. दिवाळीनंतर मात्र काटकसर सुरू होते: पहिलं धुणं बोअरच्या पाण्याने, शेवटचा हात पावसाच्या. शेजारच्या गॅरेजचा पत्रा आमच्याहून मोठा आहे. त्याच्या मालकाशी बोलणं झालंय. मृगाच्या आधी तिथेही पन्हळ चढवायची आहे.