लसकुपी तापदर्शक

लसकुपी तापदर्शक (प्रचलित नाव: व्हीव्हीएम) ही लसीच्या कुपीवर लावलेली, उष्णतेने रंग बदलणारी खूण होय. कुपीला आजवर एकूण किती उष्णता लागली, हे ती दाखवते. इ.स. १९९६ मध्ये तोंडावाटे द्यावयाच्या पोलिओ लसीवर ती प्रथम वापरात आली.

रचना व कार्य

खुणेत एक रंगीत वर्तुळ व त्याच्या आत फिकट चौकोन असतो. वर्तुळाचा रंग केवळ तुलनेसाठी असतो. बदलतो तो चौकोन. त्यातील डायअ‍ॅसिटिलिन या रसायनाचे रेणू उष्णतेने परस्परांशी जोडले जाऊन बहुवारिक बनते व रंग गडद होत जातो. खेळण्यांतील किंवा अंगठ्यांतील रंगबदलू पदार्थ थंड होताच पूर्ववत होतात. हा बदल मात्र उलटत नाही. तापलेली कुपी पुन्हा शीतपेटीत ठेवल्याने चौकोन फिकट होत नाही आणि लसीची गेलेली शक्तीही परत येत नाही.

चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेपर्यंत, मुदत संपली नसल्यास, लस वापरता येते. दोहोंचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला, की कुपी बाद करतात. पोलिओ लस अतिशय नाजूक असल्याने तिची खूण ३७ अंश सेल्सिअसला २ दिवसांत बाद होण्याच्या टप्प्यास येते. ५ अंशांला त्यासच सुमारे २२५ दिवस लागतात. कावीळ-ब सारख्या टिकाऊ लसीची खूण ३७ अंशांला ३० दिवस टिकते.

उपयोग व मर्यादा

गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुका छत्तीसगडच्या सीमेलगत, जंगलाचा व विखुरलेल्या वस्त्यांचा आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. चिचगड, ककोडी अशा भागांतील पाड्यांवर लस बर्फाच्या पेटीतून न्यावी लागते. तेथे तापमापकाची नोंद नेहमीच हाताशी नसते. अशा वेळी परिचारिकेला कुपीवरील चौकोन पाहूनच बाळाला लस द्यावी की नाही, हे ठरवता येते. केवळ संशयावरून चांगल्या कुपी फेकून देण्याचे प्रमाणही त्यामुळे घटते.

गोवर, बीसीजी यांसारख्या पूड-लसींवर खूण झाकणावर किंवा कुपीच्या मानेवर असते, म्हणजे कुपी उघडताच ती निघून जाते. अशा लसी विरघळवल्यावर काही तासांतच संपवायच्या असतात.

ही खूण गोठण्याची सूचना देत नाही. धनुर्वात वा कावीळ-ब लस बर्फाला चिकटून गोठली तर ती निकामी होते, चौकोन मात्र फिकटच राहतो. त्यासाठी कुपी हलवून गाळ किती वेगाने बसतो, हे पाहण्याची निराळी चाचणी आहे.