वेड्यांची जबानी

१९४८ पर्यंत निजामाच्या मुलुखात मोडणाऱ्या ढोकीसारख्या गावी कोणाच्या डोक्यात फरक पडला, देवऋषी झाले, अंगारेधुपारे झाले आणि तरीही माणूस आवरेनासा झाला, म्हणजे सरकारी इस्पितळ म्हणून जे नाव निघे ते जालन्याचे. आगगाडीने तेथे जावयाचे तर बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडी गाठून, पुढे दौंड आणि मनमाड असा वळसा घालून, अरुंद, रुंद व मीटर अशा तीन मापांच्या रुळांवरून प्रवास करावा लागे. एवढे करून पोहोचलेला रोगी मराठीत आपली कैफियत सांगणार आणि सरकारी दप्तर चालणार उर्दूत. पुढे ते इस्पितळ हैदराबादेस एर्रागड्डा येथे गेले, तेव्हा तर भोवतालची बोलीही परकी झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाची वाट खुली झाली. ‘याला येरवड्याला धाडा’, ‘ठाण्याला पाठवा’ हे बोल आपल्याकडे चारचौघांत सहज निघतात. त्या भिंतींच्या आत माणसे कशी राहतात याची विचारपूस मात्र फारशी कोणी केली नाही.

तपासणीची तरतूद कायद्यात नव्हती असे नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ च्या कायद्यान्वये अशा इस्पितळांवर अभ्यागत नेमले जात आणि त्यांनी दरमहा आतली पाहणी करावी असा दंडक होता. परंतु ज्याच्या येण्याची वर्दी आधी पोहोचते त्याच्या दृष्टीस सारवलेली जमीन आणि धुतलेली भांडीच पडावयाची. आणि रोग्याने धीर करून काही सांगितलेच, तर ते वेड्याचे बोलणे म्हणून निकालात निघावयाचे.

ही अडचण अमेरिकेतील वार्ताहरांनी वेषांतराने ओलांडली. १८७२ साली ज्युलियस चेंबर्स हा न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा वार्ताहर वेडाचे सोंग घेऊन ब्लूमिंगडेलच्या इस्पितळात शिरला, आणि त्याच्या लेखांनंतर वेड नसताना कोंडलेल्या बारा जणांची सुटका झाली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८८७ च्या सप्टेंबरात, नेली ब्लाय या नावाने लिहिणाऱ्या एलिझाबेथ कॉक्रन या तेवीस वर्षांच्या तरुणीने जोसेफ पुलित्झरच्या ‘वर्ल्ड’ पत्रासाठी तेच साहस केले. न्यूयॉर्कमधील ब्लॅकवेल बेटावरील स्त्रियांच्या इस्पितळात ती दहा दिवस राहिली. तेथील स्नानाचे तिने केलेले वर्णन वाचताना अंगावर शहारा येतो: एकामागून एक बाया त्याच टबात, त्याच पाण्यात उतरविलेल्या, डोक्यावर एकापाठोपाठ तीन बादल्या गार पाणी ओतलेले, आणि तोंडावर फोड असलेलीचा पंचाच निरोगी बाईच्या अंगाला पुसावयास घेतलेला. दिवसभर त्यांना बाकांवर ताठ बसवून ठेवीत; बोलण्याची, हलण्याची मनाई. त्यांत काही परदेशी बाया होत्या, ज्यांना इंग्रजी येत नव्हते एवढ्यामुळेच त्यांचे म्हणणे कोणास उमगले नव्हते. आत गेल्यावर ब्लाय मुळीच सोंग न करता शहाण्यासारखी वागू लागली, तर तिचे शहाणपणही वेडाचेच लक्षण ठरले! पुढे चौकशी करणाऱ्या ग्रँड ज्यूरीचे लोक तिला बरोबर घेऊन बेटावर गेले, तो स्वयंपाकघर लखलखीत झालेले होते आणि तिने नावानिशी सांगितलेल्यांपैकी काही बाया तेथून हलविल्या गेल्या होत्या. तरीही ज्यूरीने तिचे म्हणणे मानले आणि नगराने या संस्थांच्या खर्चात मोठी वाढ केली.

या स्त्रीच्या धैर्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. पण एक शल्य राहतेच: जे तिने लिहिले ते त्या बाया वर्षानुवर्षे सांगतच होत्या, विश्वास बसला तो एक शहाणी बाई बाहेर येऊन तेच बोलली तेव्हा. ब्लायने त्यांना आपली वाणी दिली, त्यांच्या वाणीला मात्र वजन आले नाही.

म्हणूनच मुंबईच्या पत्रकार शीला बरसे यांचा मार्ग मला अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी वेष बदलला नाही. १९८२ च्या मे महिन्यात रीतसर परवानगी घेऊन त्या मुंबई, येरवडा आणि कोल्हापूर येथील तुरुंगांतील स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेऊ लागल्या, आणि त्या बायांचे बोलणे त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करू लागल्या. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली ती या ध्वनिमुद्रणालाच, आणि मग मुलाखतींची परवानगीही काढून घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८७ साली न्यायालयाने, वाजवी निर्बंध राखून आणि कैद्याची राजीखुशी असेल तर, पत्रकाराला तुरुंगात मुलाखत घेता येते असा निर्वाळा दिला.

त्यांची पुढची एक अर्जी होती ती पश्चिम बंगालच्या तुरुंगांत डांबलेल्या, कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांविषयी. मनोरुग्ण आहे एवढ्याच कारणावरून दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने माणूस इस्पितळाऐवजी तुरुंगात जात होता. १७ ऑगस्ट १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही चाल बेकायदा आणि घटनाबाह्य ठरविली.