पेज, सॅचेल
पेज, सॅचेल : (७ जुलै १९०६ – ८ जून १९८२). विख्यात अमेरिकन बेसबॉलपटू व पिचर. संपूर्ण नाव लेरॉय रॉबर्ट पेज. वर्णभेदामुळे आयुष्यातील उमेदीची सु. वीस वर्षे त्याला अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक संघांबाहेर घालवावी लागली. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याला तेथे प्रवेश मिळाला आणि त्या वयातही त्याने आपली योग्यता सिद्ध केली. त्याच्या चरित्रात एका असामान्य खेळाडूच्या कर्तृत्वाबरोबरच अमेरिकन क्रीडाजगतातील एका दीर्घ अन्यायाचा इतिहासही सामावलेला आहे.

बेसबॉलमध्ये पिचरचे स्थान क्रिकेटमधील गोलंदाजासारखे असते. मात्र तो धावत येऊन चेंडू टाकत नाही. १८.४४ मी. अंतरावरील होम प्लेटच्या दिशेने तो एका जागेवरून, टप्पा पडू न देता चेंडू फेकतो. या प्लेटची रुंदी केवळ ४३ सेंमी. असते. त्यामुळे वेग, वळण व अचूकता या तिन्ही गुणांची येथे कसोटी लागते. बराचसा सामना पिचरच्या कामगिरीवर अवलंबून असल्याने संघात त्याला विशेष महत्त्व असते.

पेजचा जन्म अ‍ॅलाबॅमा राज्यातील मोबील या बंदराच्या शहरी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील माळीकाम करीत. आपल्या वयाबद्दल तो वेळोवेळी निरनिराळी माहिती देई. तथापि मोबील येथील जन्मनोंदीत १९०६ हेच वर्ष आढळते. लहानपणी तो रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या पिशव्या वाहत असे व त्यावरून त्यास ‘सॅचेल’ (पिशवी) हे टोपणनाव पडले, असे सांगतात. शाळेतील गैरहजेरी व किरकोळ चोरी यांबद्दल बाराव्या वर्षी, १९१८ मध्ये, त्याची रवानगी माउंट मेग्ज येथील सुधारशाळेत करण्यात आली. तेथील सु. साडेपाच वर्षांत एडवर्ड बर्ड या शिक्षकाकडून त्याला चेंडूफेकीचे पद्धतशीर शिक्षण मिळाले. १९२३ च्या अखेरीस त्याची सुटका झाली. त्यानंतर मोबीलमधील स्थानिक संघातून खेळून १९२६ मध्ये तो चॅटानूगा येथील संघात व्यावसायिक खेळाडू म्हणून दाखल झाला.

प्रमुख संघांत कृष्णवर्णीयांस मज्जाव करणारा लेखी नियम त्या काळी नव्हता. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संघमालकांनी परस्पर संमतीने हा निर्बंध कसोशीने पाळला होता. परिणामी कृष्णवर्णीयांनी आपले स्वतंत्र संघ स्थापन केले. १९२० मध्ये रूब फॉस्टर याच्या पुढाकाराने कॅन्झस सिटी येथे ‘निग्रो नॅशनल लीग’ ही संघटना उभी राहिली. या संघांना साधनसामग्री बेताची असे. प्रवास रात्रंदिवस व बहुधा बसने घडे आणि अनेक गावांतील उपाहारगृहे व निवासगृहे खेळाडूंना प्रवेश नाकारीत. लीगच्या सामन्यांपेक्षा गावोगावच्या प्रदर्शनीय सामन्यांवरच त्यांची मिळकत मुख्यतः अवलंबून होती.

पेज बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स (१९२७–३०) व त्यानंतर गस ग्रीनली याच्या मालकीचा पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघांतून खेळला. तो सु. १.९ मी. उंच व सडपातळ होता. सुरुवातीच्या काळात त्याचा भर प्रामुख्याने प्रचंड वेगावर असे. अचूकतेची त्याची ख्याती एवढी होती, की च्युइंगगमच्या वेष्टनाएवढ्या कागदावरून तो चेंडू फेकून दाखवी. पाऊल पुढे टाकल्यावर हात क्षणभर रोखून मग चेंडू सोडण्याची त्याची लकब फलंदाजाचा अंदाज चुकवीत असे. पुढे १९४८ मध्ये अमेरिकन लीगच्या अध्यक्षाने ही पद्धत नियमबाह्य ठरविली.

पेज एका संघात फार काळ टिकला नाही. करार मोडून अधिक मोबदला देणाऱ्याकडे जाणे हे त्याच्या बाबतीत नेहमीचे होते. त्यामुळे संघमालक त्याच्यावर रुष्ट होत. तथापि आपल्या नावामुळे मैदाने भरतात हे ओळखून त्याने त्याचे योग्य मोल वसूल केले, असेही म्हणता येईल. १९३३ व १९३५ मध्ये तो नॉर्थ डकोटा राज्यातील बिझ्मार्क या लहान शहराच्या संघातून खेळला. गौरवर्णीय व कृष्णवर्णीय खेळाडूंच्या या संमिश्र संघाने १९३५ मध्ये विचिटॉ येथील राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९३७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रूहीयो याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजधानीच्या संघासाठी तो, जॉश गिब्सन व इतर काही खेळाडू गेले. निग्रो लीगने त्यांवर बंदी घातली. पुढील वर्षी मेक्सिकोत त्याचा उजवा हात इतका दुखावला, की त्याची कारकीर्द संपल्यातच जमा झाली. अशा वेळी कॅन्झस सिटी मोनार्क्स या संघाचा मालक जे. एल्. विल्किन्सन याने केवळ त्याच्या नावाच्या आकर्षणापोटी आपल्या दुय्यम फिरत्या संघात त्यास घेतले. तेथे १९३९ मध्ये हात अनपेक्षितपणे बरा झाला. यानंतर मात्र पेजने वेगापेक्षा वळण व अचूकता यांवर अधिक भिस्त ठेवली. दीर्घकाळ खेळत राहणे त्याला शक्य झाले, त्याचे एक कारण हेच होय.

१९४२ च्या निग्रो वर्ल्ड सीरिजमध्ये मोनार्क्सने होमस्टेड ग्रेझ या बलाढ्य संघाचे चारही सामन्यांत पारिपत्य केले. त्यांपैकी एका सामन्यात तिन्ही तळांवर प्रतिपक्षाचे खेळाडू असताना पेजने गिब्सनला बाद केले. गिब्सनशीच गाठ पडावी म्हणून आधीच्या फलंदाजांना त्याने हेतुतः तळावर जाऊ दिले, असे सांगतात. मात्र या कथेचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. पेजसंबंधीच्या बहुतेक माहितीची हीच अडचण आहे. आपण सु. २,५०० सामने खेळलो व त्यांपैकी २,००० जिंकले, असा त्याचा दावा होता. परंतु गावोगावच्या असंख्य सामन्यांची गुणपत्रके कोणी जपलीच नाहीत. म्हणून या काळातील त्याच्या योग्यतेचा महत्त्वाचा पुरावा म्हणजे गौरवर्णीय नामवंतांविरुद्ध झालेले प्रदर्शनीय सामने होत. १९३४ मध्ये डिझी डीन व १९४६ मध्ये बॉब फेलर या अग्रगण्य पिचरांच्या संघांविरुद्ध तो खेळला. डीन आणि १९३६ मध्ये त्याच्या चेंडूफेकीचा अनुभव घेतलेला फलंदाज जो डिमॅजिओ या दोघांनीही त्याची गणना सर्वश्रेष्ठांत केली.

ब्रुकलिन डॉजर्स संघाने १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केले व १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन प्रमुख लीगमध्ये उतरला. तो १९४५ मध्ये मोनार्क्समध्ये पेजचा सहकारी होता. सर्वांत नामांकित कृष्णवर्णीय खेळाडूला वगळून तरुण रॉबिन्सनची निवड झाली, याचे पेजला दुःख झाले. अखेर ७ जुलै १९४८ रोजी, बेचाळिसाव्या वाढदिवशी, क्लीव्हलंड इंडियन्सचा मालक बिल व्हेक याने त्यास करारबद्ध केले. प्रेक्षक खेचण्याची ही क्लृप्ती आहे, अशी टीका झाली. पेजने तिला मैदानावर उत्तर दिले. ९ जुलै रोजी तो अमेरिकन लीगमधील पहिला कृष्णवर्णीय पिचर ठरला. २० ऑगस्ट रोजी ७८,३८२ प्रेक्षकांसमोर त्याने शिकागो व्हाइट सॉक्स संघास एकही धाव करू दिली नाही. त्या मोसमात त्याने सहा सामने जिंकले व फक्त एक गमावला. क्लीव्हलंड व बॉस्टन हे संघ बरोबरीत राहून लीगच्या विजेतेपदाचा निर्णय एका जादा सामन्याने झाला, हे पाहता त्या सहा विजयांचे महत्त्व स्पष्ट होते. क्लीव्हलंडने पुढे वर्ल्ड सीरिजही जिंकली. या मालिकेत चेंडूफेक करणारा पेज हा पहिला कृष्णवर्णीय पिचर होय.

सेंट लूइस ब्राउन्सकडून (१९५१–५३) खेळताना १९५२ व १९५३ मध्ये लीगच्या निवडक सर्वोत्तम संघात त्याचा समावेश झाला. २५ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्झस सिटी अ‍ॅथलेटिक्सतर्फे त्याने बॉस्टनविरुद्ध तीन डाव चेंडूफेक केली व धाव दिली नाही. प्रमुख लीगमध्ये खेळलेला तो सर्वांत वयोवृद्ध खेळाडू होय. उशिरा प्रवेश मिळाल्यामुळे निवृत्तिवेतनास आवश्यक असलेली त्याची सेवा १५८ दिवसांनी कमी पडत होती. ती पुरी व्हावी म्हणून अटलांटा ब्रेव्ह्ज संघाने १९६८ मध्ये त्यास आपल्या सेवेत घेतले.

कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या सन्मानदालनात निग्रो लीगमधील थोर खेळाडूंना स्थान मिळावे, असे आवाहन टेड विल्यम्सने १९६६ मध्ये स्वतःच्या सन्मानप्रसंगी केले व पेज आणि गिब्सन यांची नावे घेतली. १९७१ मध्ये खास समितीने निवडलेला पहिला खेळाडू पेज होता. प्रारंभी या खेळाडूंसाठी वेगळा विभाग योजण्यात आला होता. सन्मानातही वर्णभेद पाळला जातो, असा त्यावर आक्षेप आला. तेव्हा ती योजना सोडून पेजला इतरांच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले.

कॅन्झस सिटी येथे त्याचे निधन झाले. तत्पूर्वी तीनच दिवस तेथील एका स्टेडियमला त्याचे नाव देण्यात आले होते. १९२०–४८ या काळातील निग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा डिसेंबर २०२० मध्ये बहाल झाला व २०२४ मध्ये त्यांची उपलब्ध आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली. ही आकडेवारी सु. तीन-चतुर्थांशच हाती आली आहे आणि फिरत्या प्रदर्शनीय सामन्यांचा तीत अंतर्भाव नाही. त्यामुळे पेजच्या कर्तृत्वाचे पूर्ण मोजमाप आकड्यांनी होणे अशक्य आहे. मात्र बेचाळिसाव्या वर्षानंतरची त्याची नोंदलेली कामगिरी त्या आधीच्या अनोंद वर्षांची साक्ष देण्यास पुरेशी आहे.

[→ बेसबॉल].