तंत्रनिकेतनाचा दाखला आणि तेलाचा देश

कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत, हे आपण नातवंडांना कौतुकाने सांगतो. बैल घाण्याला जुंपून तीळ-खोबरे गाळावे आणि शब्बाथच्या दिवशी घाणा बंद ठेवावा, अशी ती रीत. परंतु त्याच कोकणातील आपल्या शेजाऱ्यांची मुले पुढे दुसऱ्या एका तेलामागे समुद्रापार गेली, ती हकीगत आपल्याकडे फारशी कोणी लिहिलेली नाही. तो देश म्हणजे सौदी अरेबिया. इस्रायलच्या पासपोर्टावर तेथे पाऊल टाकण्याची सोय नसल्यामुळे आपण त्या देशाकडे केवळ वर्तमानपत्रातील बातमी म्हणून पाहात आलो. तरी तेथील नळ, पंप, रस्ते आणि विजेचे खांब उभारणाऱ्यांत मुंबईच्या तंत्रशाळांतून निघालेले पुष्कळ हात होते. आणि हात धरून शिकविणाऱ्या त्या शाळांशी आपल्या समाजाचेही जवळचे नाते होते. म्हणून हा इतिहास थोडक्यात सांगावासा वाटतो.

मुंबईत यांत्रिक शिक्षणाची आवड पहिल्यांदा कोणाला लागली, तर ती टाकसाळीतील व सरकारी गोदीतील तरुण कारागिरांना. १८४७ साली त्यांनी आपली एक संस्था काढली. यंत्रांचे नमुने जमवावेत, पुस्तके आणावीत, व्याख्याने व्हावीत असा तिचा हेतू होता. डेव्हिड ससून व त्यांच्या घराण्याच्या देणगीतून तिची इमारत १८७० मध्ये पुरी झाली. काळा घोडा येथील ससून लायब्ररी म्हणून आपण जी ओळखतो, तीच ही. बगदादहून आलेल्या एका यहुदी घराण्याने मुंबईच्या लोहार-मिस्त्रींना छप्पर दिले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

पुढे राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीनिमित्त १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. प्रथम ती भायखळ्याला होती, १९२३ मध्ये माटुंग्यास गेली आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचे नाव तिला आहे. जुन्या पिढीतील लोक नावापुढे 'एल.एम.ई.', 'एल.ई.ई.' अशी अक्षरे लावीत. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची ती पदविका असे. घराच्या दारावरील पाटीवर ही तीन अक्षरे असली, की मुलगा मार्गी लागला असे समजत. १९३६ साली भायखळ्यालाच अंजुमन-इ-इस्लामची साबू सिद्दीक तंत्रशाळा सुरू झाली. अंजुमन ही संस्था १८७४ ची. हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाचा मुसाफिरखाना क्रॉफर्ड मार्केटजवळ आहे, तो हजला निघालेल्या यात्रेकरूंसाठी बांधलेला. मुंबईहून जेद्दाला यात्रेकरूंची जहाजे १९९५ पर्यंत जात होती. म्हणजे एकाच माणसाच्या नावाने एका ठिकाणी अरबस्तानात जाणाऱ्या यात्रेकरूचा मुक्काम होई आणि दुसऱ्या ठिकाणी पुढे अरबस्तानात नोकरीस जाणारा मुलगा कानस चालवायला शिके.

भायखळा, नागपाडा, माझगाव हा आपलाही मुलूख. हाईम सॅम्युएल केहीमकर व त्यांच्या बंधूंनी १८७५ साली काढलेली इस्राएली शाळा, जी पुढे सर एली कदुरी यांच्या नावाने चालली, ती माझगावातलीच. आजूबाजूच्या चाळींतून आपली आणि कोकणी मुसलमानांची बिऱ्हाडे जवळजवळ असत. दोघांचे मूळ गाव कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ नंतरच्या रायगडात. पनवेल, पेण, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन ही नावे दोघांच्याही तोंडी. दोघांची आडनावे गावाला 'कर' लावून झालेली. आपण सिनेगॉगला मशीद म्हणत होतो, तेही या शेजारातलेच. घरी बोलण्याची भाषा थोडी निराळी, पण पोटाचा प्रश्न एकच. डिग्रीची वर्षे आणि डिग्रीचा खर्च परवडत नाही, मग मुलाने काय करावे?

या प्रश्नाला तंत्रनिकेतनाने उत्तर दिले. मॅट्रिकनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. सिव्हिलच्या मुलाला जमिनीची मोजणी, नकाशा, सिमेंट-काँक्रीटचे प्रमाण आणि खर्चाचा अंदाज शिकवीत. मेकॅनिकलच्या मुलाला लेथ, कानस, बॉयलर, पंप आणि यंत्राचे चित्र काढणे. इलेक्ट्रिकलच्या मुलाला मोटार, जनित्र, तारा जोडणे. पुढे इलेक्ट्रॉनिक्स, केमिकल आणि कॉम्प्युटर याही शाखा आल्या. सकाळी वर्ग आणि दुपारी वर्कशॉप, किंवा याच्या उलट. चांगले गुण पडले तर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याचाही मार्ग पुढे खुला झाला. ज्याला तीन वर्षेही काढता येत नसत, तो आय.टी.आय.मध्ये फिटर, वेल्डर, वायरमन होई. मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले, तेही पदविकेच्याच बळावर. पुस्तकातील शरीर निराळे आणि खाटेवरचे शरीर निराळे, हे ज्या शिक्षणात पहिल्या वर्षीच कळते ते पदविकेचे शिक्षण. यंत्राच्या बाबतीतही तसेच असावे.

आता तेलाच्या देशाकडे वळू. सौदी राजाने २९ मे १९३३ रोजी एका अमेरिकन कंपनीला तेल शोधण्याचा परवाना दिला. पाच वर्षे बरेच खणून हाती फारसे काही आले नाही. मार्च १९३८ मध्ये दम्मामच्या सातव्या विहिरीला भरपूर तेल लागले आणि १ मे १९३९ रोजी रास तनुरा बंदरातून पहिले जहाज भरून निघाले. याच कंपनीचे नाव १९४४ पासून आरामको. महायुद्धाच्या शेवटी रास तनुरा येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला, तेव्हा कारागिरांची मोठी गरज पडली. वाळवंटातील बदाऊन तरुणाने वाफेचा पंप कधी पाहिलेला नव्हता. मग इरिट्रियातून इटालियन कामगार आणले आणि हिंदुस्थानातून, विशेषतः मुंबईच्या बाजूने, कारकून, मिस्त्री, ड्राफ्ट्समन नेले. इराणच्या आबादानला आणि बहारीनला मुंबईहून माणसे नेण्याची वाट आधीच पडलेली होती, तीच पुढे धाहरानपर्यंत गेली.

तेथे माणसाची राहण्याची जागा त्याच्या कामावरून आणि कातडीवरून ठरे. अमेरिकनांच्या वसाहतीत थंड हवेची घरे आणि हिरवळ. मधल्या वसाहतीत हिंदी, पाकिस्तानी व इटालियन. सौदी मजूर मात्र खजुराच्या झावळ्यांच्या खोपटांत. देश ज्याचा तोच सर्वांत खाली, कारण त्याला हुन्नर कोणी शिकविलेला नव्हता. याचा संताप १९५३ च्या ऑक्टोबरात बाहेर पडला. पंधरा हजारांपैकी तेरा हजारांच्या आसपास सौदी कामगार संपावर गेले. घरे, पगार आणि शिक्षण या त्यांच्या मागण्यांपैकी होत्या. १९५६ साली पुन्हा संप झाला आणि त्यानंतर राजाने संपावरच बंदी घातली. पण कंपनीला धडा मिळाला होता. शाळा आणि कामावरील शिक्षण यांवर पुढे बराच पैसा खर्च झाला. अली अल्-नुऐमी नावाचा मुलगा १९४७ साली बारा वर्षांचा असताना कंपनीत ऑफिस-बॉय म्हणून लागला. कंपनीच्याच शाळेत शिकला, कंपनीच्याच खर्चाने अमेरिकेत भूगर्भशास्त्र शिकून आला. १९८४ साली तो त्याच कंपनीचा पहिला सौदी अध्यक्ष झाला आणि १९९५ पासून २०१६ पर्यंत देशाचा तेलमंत्री होता.

या सर्व घडामोडींत यहुद्याला जागा नव्हती. व्हिसाच्या अर्जावर धर्माचा रकाना असे. न्यूयॉर्कमध्ये आरामको आपल्या कचेरीत नोकरी देताना यहुदी उमेदवारांना वगळते, अशी तक्रार अमेरिकेतील यहुदी संस्थेने केली. कंपनीचे म्हणणे असे, की सौदी सरकार यहुद्यांना व्हिसा देत नाही, मग त्यांना घेऊन काय करू? १९५९ साली न्यायमूर्ती हेन्री एप्स्टाइन यांनी निकाल दिला, की परक्या राजाच्या इच्छेसाठी न्यूयॉर्क राज्याचा कायदा बाजूला ठेवता येणार नाही. भायखळ्यातील बेने इस्राएल मुलाला असला निकाल मिळविण्याची सवडही नव्हती आणि गरजही नव्हती. त्याच्यापुढे दुसरी वाट होती.

ही वाट ओ.आर.टी.ची. ही यहुदी संस्था १८८० साली रशियात स्थापन झाली. गरीब यहुद्यांना हातचा धंदा शिकवावा, एवढाच तिचा बाणा. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिने मुंबईत काम सुरू केले आणि वरळी टेकडीवर तिची शाळा झाली. प्रथम मुलांना तांत्रिक शिक्षण आणि नंतर मुलींनाही धंदेशिक्षण मिळू लागले. आपल्यापैकी कित्येक घरांतून कोणी ना कोणी तेथे शिकले असेल. तो दाखला घेऊन आपली मुले इस्रायलला आली. त्याच वर्षांत येथे आपल्या समाजापुढे दुसऱ्याच कागदाचा प्रश्न उभा होता. रब्बीनेटने विवाहासाठी आपल्या लोकांची वंशावळ तपासण्याचा हुकूम काढला होता, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला झालेल्या सत्याग्रहानंतर केनेसेतने आपल्या बाजूने ठराव केला. आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी वर्षे गेली. आपल्याला काय काम येते, हे मात्र लेथवर उभे राहिल्याबरोबर सिद्ध होई.

इकडे १९७३ च्या युद्धानंतर तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपाला तीन डॉलरवरून सुमारे बारा डॉलरवर गेला. सौदी सरकारने १९७५ मध्ये जुबैल आणि यानबू ही दोन औद्योगिक नगरे उभारण्यासाठी मंडळ नेमले. मग मुंबईत जाहिराती, एजंट, धंद्याची परीक्षा, डॉक्टरी तपासणी यांची एकच झुंबड उडाली. कोकणातील गावांतून तरुण निघाले. कित्येक घरांवर कौलांच्या जागी गच्ची आली. आय.टी.आय.वाला वेल्डर म्हणून गेला, डिप्लोमावाला सुपरवायझर किंवा ड्राफ्ट्समन म्हणून, आणि काहीच न शिकलेला मजूर म्हणून. तिघे एकाच विमानाने गेले, तरी पगार आणि खोली यांत अंतर पडे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानंतर अल्पशिक्षिताच्या पासपोर्टला सरकारी परवानगीची अट होती, शिकलेल्याला तिच्यातून सूट असे. कंत्राटदाराच्या हाती पासपोर्ट ठेवून उन्हात राबलेल्यांची दुःखेही या हकीगतीत आहेत. त्यात सर्वांत जास्त भोगले ते हाती दाखला नसलेल्यांनी.

दरम्यान सौदी अरेबियानेही आपल्या मुलांसाठी दारे उघडली. धाहरानचे पेट्रोलियम व खनिज महाविद्यालय १९६३ मध्ये स्थापन झाले आणि १९७५ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. जुबैलचे औद्योगिक महाविद्यालय १९७८ चे. १९८० मध्ये तांत्रिक व धंदेशिक्षणासाठी स्वतंत्र सरकारी खाते निघाले आणि त्याच्या देखरेखीखाली गावोगावी तांत्रिक महाविद्यालये झाली. आज तेथील मुलींसाठीही अशी महाविद्यालये आहेत. २०११ पासून प्रत्येक कंपनीने ठराविक प्रमाणात सौदी माणसे घ्यावीत असा नियम झाला. परदेशी इंजिनियरला अभियंता परिषदेकडे नाव नोंदवावे लागते, आणि डिप्लोमावाल्याची नोंद तेथे तंत्रज्ञ म्हणून होते. १९५३ साली ज्याला पान्हा धरायला येत नाही म्हणून खोपटात ठेवले, त्याचा नातू आता परदेशी माणसाचा दाखला तपासतो. कालाची गती ही अशी.

कोकणातही त्या पैशाचा काही भाग शिक्षणाच्या रूपाने परत आला. आखातात व्यवसाय केलेल्या कोकणी माणसांच्या देणग्यांतून शाळा व तंत्रशिक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या. नवी पनवेल येथे अंजुमनचे काळसेकर तंत्रशिक्षण संकुल आहे, आणि तेथे पदविका व पदवी हे दोन्ही अभ्यासक्रम चालतात. त्याच पनवेलमध्ये आपले बेथ एल सिनेगॉग १८४९ पासून उभे आहे.

एका शब्दाची गंमत येथे सांगते. इंजिनियरिंगला हिब्रूत 'हंदसा' आणि अरबीतही 'हंदसा' म्हणतात. इंजिनियर तो आपल्याकडे 'मेहंदेस', तिकडे 'मुहंदिस'. हा शब्द मुळात जुन्या फारसीतला, अर्थ माप. त्याच मुळापासून आपल्या मराठीत 'अंदाज' आला. सिव्हिलच्या वर्गात खर्चाचा अंदाज काढायला शिकणारा कोकणातला मुलगा, रियाधचा मुहंदिस आणि हैफाचा मेहंदेस, तिघेही एकाच शब्दाची भाकर खातात.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच. आपल्या घरांत आता डॉक्टर, वकील, संगणकतज्ज्ञ निपजले आहेत, याचा आनंदच आहे. परंतु एखाद्या नातवाने 'हंदसाई' होण्याची, म्हणजे येथील दोन वर्षांची तांत्रिक पदविका घेण्याची, इच्छा सांगितली तर आजी-आजोबांचाच चेहरा पडतो. असे होऊ नये. ज्या समाजाला एका देशाने धर्मावरून अडविले आणि दुसऱ्या देशाने वंशावळ विचारली, त्या समाजाला हातातील कसबाने बसल्या जागी पोट आणि मान दोन्ही दिले. ट्रंकेच्या तळाशी आजोबांचा एल.एम.ई.चा किंवा ओ.आर.टी.चा दाखला असेल तर तो शोधून काढावा, पुसून चौकटीत बसवावा आणि मुलांना वाचून दाखवावा. केतुबा जशी जपतो, तसाच हाही कागद जपण्यासारखा आहे.