वऱ्हाडातील मृत्युपत्राची वाटचाल

वाशीम जिल्ह्यातील आसेगाव ज्या वऱ्हाडात मोडते, त्या प्रांतातील शेतकरी कुटुंबांत मृत्युपत्राची, म्हणजे आपल्या पश्चात मिळकतीची व्यवस्था कशी लावावी हे सांगणाऱ्या लेखाची, चाल फार जुनी नाही. हिंदू कायद्याच्या मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित जमिनीवर मुलाचा जन्मतःच हक्क असे आणि सहदायादाचा, म्हणजे अशा जन्मसिद्ध हक्काच्या पुरुषाचा, अविभक्त हिस्सा त्याच्या मृत्यूबरोबर सामान्यतः उरलेल्या सहदायादांकडे जाई. त्यामुळे स्वकष्टार्जित मिळकत नसलेल्या माणसाला लिहून ठेवण्याजोगे फारसे काही उरतच नसे.

1853 मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, आणि 1861 पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन शेताला क्रमांक व खातेदाराला सरकारदप्तरी नाव मिळाले. पुढे कापसाच्या तेजीने जमिनीला भाव येऊन गहाणखत आणि खरेदीखत हे कागद घरोघरी पोचले. मृत्युपत्र मात्र मागे राहिले. 1870 चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा मुख्यतः बंगालपुरता आणि मुंबई व मद्रास या शहरांपुरता होता, आणि वऱ्हाडावर निजामाचे नाममात्र स्वामित्व कायम असल्याने तेथे इंग्रजी कायदे वेगळ्या हुकुमाने लागू करावे लागत. मुंबई शहराबाहेरच्या मुलुखात हिंदूंची तोंडी मृत्युपत्रेही न्यायालये मानीत. ब्रिटिश हिंदुस्थानात 1 जानेवारी 1927 पासून हिंदूंच्या मृत्युपत्राला लेखन आणि दोन साक्षीदार आवश्यक ठरले.

तोंडी शब्दाची किंमत विधवांना विशेष मोजावी लागे. हिंदू कायद्याच्या महाराष्ट्र शाखेत नवऱ्याने मनाई केली नसल्यास विधवेला त्याच्या स्पष्ट परवानगीवाचूनही दत्तक घेता येई. म्हणून भाऊबंदांना मयताने मनाई केली होती असे म्हणण्याचा मोह होई, आणि कागद नसला म्हणजे निर्णय साक्षीदारांच्या आठवणीवर टाकला जाई.

खरा पालट 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने झाला, कारण त्याच्या कलम 30 ने सहदायादाला एकत्र मिळकतीतील आपला हिस्साही मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली. मुसलमान कुटुंबांची वसियत वेगळ्या नियमाने चालते: ती तोंडी असली तरी चालते, परंतु अंत्यविधीचा खर्च व कर्ज वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापलीकडे ती वारसांच्या संमतीवाचून टिकत नाही.

हिंदूंचे मृत्युपत्र लिहिताना कायद्याचा सल्ला अपरिहार्य होतो. मजकुरात ‘संपूर्ण शुद्धीत व राजीखुशीने’ हे शब्द घातले म्हणून कागद खरा ठरत नाही. सही किंवा निशाणी अंगठा होताना दोन साक्षीदारांनी तो पाहावा लागतो, निदान लिहिणाऱ्याने त्यांच्यापाशी आपल्या सहीची कबुली द्यावी लागते, मग त्यांनी त्याच्यासमक्ष सह्या करायच्या असतात, आणि वाद उपस्थित झाल्यास हयात साक्षीदारांपैकी किमान एकास न्यायालयात उभे राहावे लागते. नोंदणी ऐच्छिक आहे आणि नोंदणीमुळे हे पुरावे टळत नाहीत. व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये संशयास्पद परिस्थितीचे निरसन करण्याचा भार मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर ठेवला. तलाठ्याकडचा फेरफारही मालकी ठरवीत नाही, ही गोष्ट गावोगाव अजून पुरती रुजलेली नाही, आणि त्यातून भावाभावांत होणारी हानी फार मोठी आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगीही जन्मतः सहदायाद झाल्याने, वडिलोपार्जित शेत सर्वच्या सर्व मुलांना लिहून देणाऱ्या बापाचे मृत्युपत्र त्याच्या स्वतःच्या हिश्शापुरतेच चालते.